डिझाईनची बेसिक तत्त्वं शिकून पोस्टर-फ्लेक्सच्या कामात वापरली, काही महिन्यांनंतरचा अनुभव

रोवणीच्या दिवसांत आमच्या दुकानात चिटपाखरू फिरकत नाही, सगळे बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात असतात. त्या वेळात मोबाईलवर डिझाईनच्या बेसिकचा एक फुकटचा हिंदी कोर्स पूर्ण केला. आधी मूलतत्त्वं, म्हणजे रेषा, आकार, रंग, टोन, पोत, मोकळी जागा, अन् मग ती वापरायची तत्त्वं, म्हणजे संतुलन, कॉन्ट्रास्ट, लय, प्रमाण, हायरार्की, एकसंधपणा. तेव्हापासून आख्खा नाटकांचा सीझन अन् त्याच्यामागची लग्नसराई हेच डोक्यात ठेवून काम करून राहिलो, म्हणून आता लिहितो. कोर्सचं नाव मुद्दाम देत नाही, असे गंज, म्हणजे पुष्कळ आहेत अन् सगळ्यांत माल जवळपास तोच. रिव्ह्यू त्या शिक्षणाचा आहे, चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यातल्या डीटीपीच्या दुकानात ते किती चालते याचा.

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असेल त्यांना संकल्पचित्राचा पेपर आठवत असेल. त्यातही हेच होतं, पण तेव्हा फुलापानांत अडकलं. धंद्यात पैसे कशाने मिळतात ते कोणी सांगितलं नव्हतं.

सगळ्यात जास्त कामी आली ती हायरार्की, म्हणजे बघणाऱ्याची नजर आधी कुठे, मग कुठे, मग कुठे जाईल ते आपण ठरवायचं. आमच्या या भागाला झाडीपट्टी म्हणतात, तिथल्या नाटकाचं पोस्टर ज्यांनी केलं त्यांना माहीत आहे काय अवस्था असते. मंडळवाले कागद घेऊन येतात, त्यावर उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी, दीपप्रज्वलन, पस्तीस-चाळीस नावं, वरून कलावंतांचे फोटो, वरून दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत असेल तर त्याची बक्षिसं, अन् प्रत्येकाला वाटते आपलं नाव ठळक पाहिजे. सगळंच ठळक केलं की ठळक काहीच राहत नाही. पानठेल्यासमोर गाडी हळू करून पोस्टर पाहणाऱ्याला तीनच गोष्टी पाहिजेत, नाटक कोणतं, कोणत्या गावाला, कोणत्या रात्री. म्हणून आता कॉम्प्युटर चालू करायच्या आधी कागदावर लिहितो, पहिला नंबर नाटकाचं नाव, दुसरा तारीख अन् गाव, तिसरा मुख्य कलावंत अन् तिकीट, बाकी सगळं चौथं. अन् आकारात फरक करायचा तर दिसेल असा करायचा, दुसऱ्या नंबरचं अक्षर पहिल्याच्या अर्ध्याच्या आसपास, पाऊणपट ठेवलं तर दोन्ही एकमेकांशी भांडतात.

पुढाऱ्यांच्या फोटोंचा प्रश्न मात्र तत्त्वानेच सुटला, हे मला फार आवडलं. खाली एक पट्टी घेतो, सगळे फोटो एकाच उंचीचे, सगळ्यांचे डोळे एका रेषेत, मागचं बॅकग्राउंड काढून एकच फिका रंग. सारख्या आकाराच्या गोष्टी ओळीत ठेवल्या की डोळा त्यांना एकच गट समजतो अन् नजर पुन्हा वर नाटकाच्या नावाकडे जाते. मंडळातही वाद होत नाही, कारण कोणाचं तोंड लहान-मोठं दिसत नाही.

ही गट बांधायची गोष्ट जर्मनीतल्या गेस्टाल्ट मानसशास्त्रवाल्यांची आहे, माक्स वर्टहायमरने १९२३ मध्ये याच्यावर लिहिलं, जवळ असलेलं एकत्र वाटते, सारखं दिसणारं एकत्र वाटते. शंभर वर्षं जुनी गोष्ट आहे अन् वर्गणीच्या पावतीपासून कृषी केंद्राच्या बोर्डापर्यंत रोज लागते. साधं उदाहरण घ्या, हँडबिलात तारीख वरच्या कोपऱ्यात, वेळ मधात, स्थळ खाली असं पसरवतात अन् मग लोक मंडळाला फोन करत बसतात. तिन्ही एका जागी आणा, त्यांच्या भोवती थोडी जागा सोडा, झालं. चौकट काढायचीही गरज पडत नाही.

दुसऱ्या नंबरवर टोन, म्हणजे रंग किती उजळ अन् किती गडद. हा धडा एकटाच शिकले तरी चालते असं माझं ठाम मत आहे. रंग वेगळे असले म्हणजे अक्षर दिसते असं आपल्याला वाटते, पण लाल अन् गडद हिरवा हे डोळ्याला कितीही वेगळे वाटले तरी उजळपणाने जवळपास सारखे असतात, म्हणून हिरव्यावर लाल अक्षर लांबून मिसळून जाते, जवळून पाहिलं तर कडा थरथरतात. याची टेस्ट फुकट आहे. डिझाईन झालं की त्याची एक कॉपी ग्रेस्केल करून पाहायची, त्यात जे वाचता येत नाही ते रस्त्यावरूनही वाचता येत नाही. अन् आपल्याकडे तर हँडबिलाची झेरॉक्सच गावोगावी फिरते, म्हणजे ती कॉपी हीच खरी कॉपी. काळ्यावर पिवळं किंवा गडद निळ्यावर पांढरं या टेस्टमध्ये आरामात पास होते. जांभळ्यावर लाल, केशरीवर गुलाबी, हे गिऱ्हाईक हौसेनं सांगतात तेव्हा मी ग्रेस्केल करून स्क्रीन त्यांच्याकडे फिरवतो, बहुतेक वेळा तेच म्हणतात की बदला.

याच्यातच एक किस्सा कोर्समध्ये होता तो डोक्यातून जात नाही. पॅरिसला गोबेलँ म्हणून चित्रविणीचे पडदे विणायचा कारखाना, तिथे शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाई खात्याचा प्रमुख होता. तक्रार आली की काळा धागा फिका दिसतो, रंग कच्चा आहे. त्याने धागा तपासला तर रंगात खोट नव्हती, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा तसा दिसत होता. १८३९ मध्ये त्याने हे सगळं पुस्तकात मांडलं. आता हे आपल्याकडच्या साडीच्या दुकानाच्या बोर्डाला लावून पाहा. पूर्ण लाल बॅकग्राउंडवर राखाडी अक्षर टाकलं तर ते थोडं हिरवट दिसते, गिऱ्हाईक म्हणते भाऊ हा रंग नव्हता सांगितला, अन् फाईलमध्ये तर राखाडीच आहे. शेजार बदलला की रंग बदलतो, हे समजल्यापासून मी एकटा रंग दाखवून मंजूर करून घेतच नाही, पूर्ण डिझाईनमध्येच दाखवतो.

मोकळी जागा. यावर कोर्समध्ये सुंदर सुंदर उदाहरणं आहेत पण ती विकायची कशी हे नाही. आमच्याकडे सरळ विचारतात, "भाऊ, पुऱ्या फ्लेक्सचे पैसे देऊन राहिलो, मंग एवढी जागा खाली काहून ठेवली?" त्याचा हिशोब बरोबर आहे, फ्लेक्सचा दर स्क्वेअर फुटावर असतो, त्याला वाटते खाली जागेचे पैसे वाया गेले. त्याला तत्त्व सांगून उपयोग नाही. मी दोन नमुने काढून भिंतीला लावतो अन् म्हणतो रस्त्याच्या पलीकडे जाऊन वाचून या. यात वेळ जातो, गर्दीच्या सीझनमध्ये दर वेळी जमत नाही, पण जो एकदा पलीकडे जाऊन येतो तो पुढच्या वेळी स्वतःच नावं कमी करून आणतो.

अक्षराच्या आकाराचा एक ढोबळ नियम बोर्डवाले वापरतात, दर १० फूट अंतराला १ इंच उंचीचं अक्षर. म्हणजे राइस मिलची पाटी रस्त्यापासून ६० फूट आत असेल तर मुख्य अक्षर ६ इंच तरी पाहिजे. हा नियम इंग्रजी अक्षरांवर बेतलेला आहे, मराठीत मी शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचीच उंची मोजतो, वेलांटी-उकार धरत नाही, अन् थोडं वरच ठेवतो.

अन् इथेच या सगळ्या कोर्सेसची मोठी उणीव येते, देवनागरीबद्दल एक शब्द नाही. त्यात सांगतात जोर द्यायचा तर कॅपिटल वापरा. आपल्याकडे कॅपिटल कुठून आणता? सांगतात हेडिंगच्या अक्षरांत अंतर वाढवा, रुबाबदार दिसते. मराठीत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते अन् शब्दाचे तुकडे तुकडे होतात. ओळींमधलं अंतर त्यांच्या मापाने ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर बसतो, 'पूर्ती' खाली 'र्कीं' आलं की पाहा काय होते. म्हणून मराठीत जोर द्यायला जाडी अन् आकार हेच दोन खरे हत्यार. यासाठी मुक्त हा फॉन्ट मला सगळ्यात सोयीचा वाटला, 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा आहे, मोफत आहे, बारीकपासून एकदम जाडपर्यंत ७ वजनं मिळतात, म्हणजे एकाच घरातल्या अक्षरांत आख्खं पोस्टर होते अन् चार-पाच फॉन्टची खिचडी लागत नाही. नाटकाच्या नावाला त्यांचाच बलू घेतो, गुबगुबीत आहे, विनोदी नाटकाला शोभतो. करुण नाटकाला नाही शोभत, तिथे नाव हातानेच काढून स्कॅन करतो.

संतुलनाबद्दल माझं कोर्सशी पटलं नाही. त्यांचा सगळा ओढा एका बाजूला भार टाकून केलेल्या मांडणीकडे, मधोमध मांडणी म्हणजे जुनाट असा सूर. लग्नपत्रिकेला मधोमधच शोभते हो, वर गणपती, दोन बाजूंना वधू-वरांची नावं, दोन घरं समोरासमोर उभी. समारंभाला ती शिस्त लागते. मार्कंड्याच्या मंदिरासमोर उभं राहून पाहा, वैनगंगेच्या काठावर, दगडात ओळीवर ओळ चढत जाते, समतोलही आहे अन् प्रत्येक मूर्ती वेगळी असल्याने कंटाळाही नाही. मधोमध मांडणी फक्त लांब यादीला वाईट, निमंत्रकांची वीस नावं मधोमध लावली तर प्रत्येक ओळ वेगळ्या जागी सुरू होते अन् डोळा चुकतो, ती डावीकडून एका रेषेत लावायची.

लय हे तत्त्व मला व्हिडिओतून नाही समजलं, भंडाऱ्याकडच्या करवतकाठी टसर साडीच्या काठावरून समजलं. करवतीच्या दातांसारखा तोच त्रिकोण, तेच अंतर, पूर्ण लांबीभर, अन् मधातलं अंग साधं. काठ बोलतो कारण अंग शांत आहे. पत्रिकेच्या बॉर्डरला आता हेच धरतो, बॉर्डर भरगच्च असेल तर आत काही नक्षी नाही.

गोल्डन रेशो, म्हणजे लांबी-रुंदीचं सुंदर मानलेलं १.६१८ हे प्रमाण, यावर कोर्समध्ये जितका वेळ घालवला त्यातलं मला कामात काहीच लागलं नाही. फोटो कापताना तृतीयांशाचा नियम पुरतो, म्हणजे चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडून मुख्य गोष्ट त्या रेषांवर ठेवायची.

शिकायला काय लागते म्हणाल तर व्हिडिओ मोबाईलवर चालतात, पण सराव मोठ्या स्क्रीनवरच करा. अन् एक गोष्ट कोर्सवर अजिबात सोडू नका, ती म्हणजे छपाईचा रंग. स्क्रीन आरजीबी, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाने रंग दाखवते, मशीन सीएमवायके, म्हणजे सायन, मॅजेंटा, पिवळी अन् काळी अशा चार शायांनी छापते, त्यामुळे स्क्रीनवरचा चमकदार हिरवा, झगमगता निळा अन् भडक केशरी फ्लेक्सवर मंदच येतो, त्याला इलाज नाही. फाईल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये ठेवा, पत्रिकेतलं बारीक अक्षर फक्त काळ्या शाईत ठेवा, चार शायांचा काळा केला तर छपाई थोडी सरकली तरी कडांना रंग दिसतो. अन् तुमची फ्लेक्स ज्या मशीनवर छापून येते त्याच मशीनवर नेहमीच्या वापरातल्या रंगांचा एक चार्ट, प्रत्येक रंगाखाली त्याचे आकडे टाकून, दोन बाय तीन फुटांचा छापून घ्या अन् दुकानात गिऱ्हाईक बसते त्याच्या समोरच्या भिंतीला लावा. रंग त्यांना त्याच्यावरूनच निवडू द्या.