ड्युअल बूटमधलं एक ओएस उठेना: घरीच करायचं, दुकानात न्यायचं की फॉरमॅट मारायचं?

कोल्हापुरात एकाच मशीनवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) अशी दोन ओएस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, ठेवणारे लई जण आहेत, त्यालाच ड्युअल बूट म्हणतात. इंजिनिअरिंगच्या पोरांना प्रॅक्टिकलला लिनक्स लागतं आणि त्याच लॅपटॉपवर घरच्या दुकानाचं टॅली असतं, डीटीपीवाल्याचं श्रीलिपी विंडोजवर अडकलेलं असतं. मग एखाद्या अपडेटनंतर दोघांतलं एक चालू व्हायचं थांबतं आणि ज्याला विचारावं तो म्हणतो, फॉरमॅट मार. माझं म्हणणं एवढंच, की फॉरमॅट हा शेवटचा पर्याय आहे आणि बहुतेक वेळा तिथपर्यंत जायची गरजच पडत नाही.

कारण असं, की नवीन मशीनमध्ये डिस्कवर ईएफआय नावाचं एक छोटं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा पाडलेला भाग, असतं, फॅट32 मधलं, विंडोजनं स्वतः बनवलं असेल तर साधारण 100 एमबीचं. त्यात ओएस चालू करणाऱ्या बूट फाइल्स असतात, मायक्रोसॉफ्टचा एक फोल्डर आणि उबुंटूचा एक, आणि मशीन चालू झालं की बायोस, म्हणजे मशीनमधला सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम, आधी तिथं बघतो. घरात माणूस आहे पण दारावरची पाटी कुणीतरी काढली, असला बिघाड असतो हा. तुमच्या फाइल्स त्यांच्या पार्टिशनमध्ये तशाच पडून असतात.

म्हणून काहीही ठरवायच्या आधी एक टेस्ट करा, फुकट आहे आणि कुठलं सेटिंग बदलत नाही. मशीन चालू करताना बूट मेनूची की दाबायची, डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ12, एचपीला एस्केप दाबून एफ9, असूसच्या लॅपटॉपला एस्केप. यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' आणि 'उबुंटू' अशी दोन नावं दिसली पाहिजेत. जे चालू होत नाही ते इथनं थेट निवडा. चालू झालं तर ओएस ठणठणीत आहे, फक्त बूटचा क्रम किंवा ग्रबचा (उबुंटूबरोबर येणारा, कुठलं ओएस चालू करायचं ते विचारणारा प्रोग्राम) मेनू बिघडलाय. निवडूनही चालू झालं नाही, किंवा नावच गायब असेल, तर रिपेअर लागणार. आणि यादीत डिस्कच दिसत नसेल तर घरी काही करू नका, सारखं चालू-बंदही करू नका, सरळ दुकानात न्या.

टेस्ट पास झाली तर पुढचं काम किरकोळ. लॅपटॉप थेट विंडोजमध्येच जात असेल तर बायोसमध्ये जाऊन उबुंटू वर घ्या, झालं. उलटं असेल, म्हणजे ग्रबचा मेनू येतोय पण त्यात विंडोज नाही, तर ते 2021 मध्ये आलेल्या ग्रब 2.06 पासनं दुसरं ओएस शोधणारा ओएस-प्रोबर मूळ सेटिंगमध्ये बंद असतो म्हणून. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये 'डिसेबल ओएस प्रोबर'ला फॉल्स करायचं आणि अपडेट-ग्रब चालवायचं.

खरा प्रश्न येतो रिपेअर लागतं तेव्हा. इथं इन्स्टॉलेशनचे दोन पेनड्राइव्ह समोरासमोर येतात, उबुंटूचा आणि विंडोजचा, दोन्हीला 8 जीबीचा घेतला की भागतं. उबुंटू मेलं असेल तर उबुंटूचा घ्या. लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरनंच, चालू करायचं, मोबाइलवरनं यूएसबी टेदरिंगनं नेट द्यायचं, बूट-रिपेअर नावाचं टूल टाकायचं आणि 'रेकमेंडेड रिपेअर' दाबायचं, बाकीच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शनला हात लावायचा नाही. एकच अट, पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्ये (नवीन मशीनची बूट व्हायची पद्धत) बूट झालेला पाहिजे, बूट मेनूत त्याच्या नावापुढं तसं लिहिलेलं असतं, नाहीतर भलत्याच जातीचा ग्रब बसतो. मला हा पर्याय सगळ्यात आवडतो कारण याच पेनड्राइव्हवरनं तुम्ही आधी विंडोजमधल्या फाइल्स दुसऱ्या हार्डडिस्कवर कॉपी करून घेऊ शकता, टॅलीचा डेटा फोल्डर सगळ्यात आधी. फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता विंडोज लवकर उठवणारी सोय) चालू असेल तर विंडोजचं पार्टिशन फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही, पण आपल्याला कॉपीच करायचीय तर चालतं की.

विंडोजच मेलं असेल तर मात्र बूट-रिपेअरचा भरवसा कमी, तिथं विंडोजचाच पेनड्राइव्ह लागतो. आधी स्टार्टअप रिपेअर चालवून बघा. नाही जमलं तर शिफ्ट एफ10 दाबून कमांड द्यायची काळी खिडकी उघडायची, डिस्कपार्ट या कमांडमधनं ईएफआय पार्टिशनला एक अक्षर द्यायचं आणि बीसीडीबूट या कमांडनं मायक्रोसॉफ्टच्या बूट फाइल्स परत लिहायच्या. इथं सी ड्राइव्हचं अक्षर बदललेलं असू शकतं, आत विंडोज फोल्डर आहे का ते बघूनच कमांड द्या. आणि बऱ्याच व्हिडिओत या पायरीआधी ते छोटं पार्टिशन फॉरमॅट करायला सांगतात, ते ड्युअल बूटवाल्यानं अजिबात करायचं नाही, उबुंटूच्या बूट फाइल्सही तिथंच असतात, एक उठवताना दुसरं झोपतं. बूटरेक या कमांडचं फिक्स-एमबीआरही यूईएफआय मशीनला कामाचं नाही, ते जुन्या पद्धतीच्या डिस्कसाठी. बीसीडीबूटनंतर विंडोज क्रमात वर येतं, मग उबुंटू गेलं म्हणून घाबरू नका, बायोसमधनं क्रम बदला.

स्क्रीनवर काय लिहून येतं त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, निम्मा निर्णय तिथंच होतो. नुसतंच 'ग्रब' लिहून पुढं कर्सर लुकलुकत असेल तर कुणीतरी विंडोजमधनं लिनक्सचं पार्टिशन उडवलेलं असायची शक्यता जास्त. तिथं 'एक्झिट' टाइप केलं की बहुतेक मशीन पुढच्या एंट्रीवर जातात आणि विंडोज चालू होतं, 20 तारखेला जीएसटी भरायचं असेल तर तेवढ्यानं दिवस निघतो. 'एसबॅट' आणि 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असं दिसलं तर ते ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटनं गाजलेलं प्रकरण, एसबॅट म्हणजे जुन्या, धोक्याच्या बूट फाइल्स अडवणारी यादी, तिनं ड्युअल बूटवाल्यांचं लिनक्सच अडवलं. सिक्युअर बूट (फक्त सही असलेल्या बूट फाइल्स चालू देणारं बायोसचं सेटिंग) तात्पुरतं बंद करून उबुंटूत जायचं, मोकयुटिल या कमांडनं ती एसबॅट पॉलिसी डिलीट करायची, उबुंटूचे अपडेट घ्यायचे आणि सिक्युअर बूट परत चालू करायचं. निळ्या स्क्रीनवर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' आलं तर बायोसमध्ये स्टोरेजचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत, आरएसटी किंवा एएचसीआय) बदललाय का बघा, उबुंटू टाकताना बरेच जण आरएसटीचा एएचसीआय करतात आणि विंडोज तिथंच अडतं. मोड परत पहिला केला की बहुधा उठतं. जुन्या डेस्कटॉपला तर सीएमओएसचा, म्हणजे बायोसची सेटिंग जपणारा, सेल संपला तरी सेटिंग कंपनीच्या मूळ सेटिंगवर जाते, तारीख मागं गेलेली दिसली की आधी सीआर2032 सेल बदला.

सिक्युअर बूटला हात लावण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद ठेवणारं फीचर, बघा, हे अगदी कळकळीनं सांगतो. बऱ्याच नवीन लॅपटॉपवर तो आपोआप चालू असतो, आणि बूटमध्ये बदल झाला की 48 आकड्यांची रिकव्हरी की मागतो. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, मोबाइलवरनं लॉगिन करून आधी वहीत उतरवून घ्या. की नसेल तर शाहूपुरीतला असो नाहीतर पुण्यातला, कुठलाच दुकानदार तो डेटा काढून देऊ शकत नाही.

आता दुकानाचं. डिस्क तपासायची, खराब निघाली तर बदलून घ्यायची, यात दुकान भारी, आणि बायोसच्या नावानंच घाम फुटत असेल तर जरूर जा. पण गर्दीच्या दुकानात वेळ वाचवायला नवीन विंडोज टाकून देतात, तुमचं उबुंटू कुणाच्या ध्यानातही नसतं. राजारामपुरीत मशीन ठेवताना पावतीवरच लिहून घ्या, दोन ओएस आहेत, विचारल्याशिवाय फॉरमॅट नाही, आणि फक्त बूट रिपेअरचे किती नि नवीन इन्स्टॉलेशनचे किती ते दोन वेगळे आकडे विचारा.

फॉरमॅट खरंच लागतो तो विंडोजच्या आतल्या फाइल्सच सडल्या असतील तेव्हा. तरी सगळी डिस्क पुसायची नाही. कस्टम इन्स्टॉल घेऊन फक्त जुनं विंडोजचं पार्टिशन निवडायचं, आकार बघून खात्री करायची, लिनक्सचं पार्टिशन तिथं नाव नसलेलं दिसतं म्हणून ते रिकामं समजून उडवायचं नाही. विंडोज बसलं की कंट्रोल पॅनेलमधनं फास्ट स्टार्टअप बंद करा आणि मग बायोसमध्ये उबुंटू वर घ्या.