ओसरीवरचे हसू आणि घरातले भांडण

अमेरिकेच्या दक्षिणेतील लेखिकांचा विनोद आणि लोकज्ञान यांचा आस्वाद घेताना झोरा नील हर्स्टन आणि युडोरा वेल्टी यांना शेजारी ठेवून वाचावे. हर्स्टन यांच्या १९३७ च्या ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ या कादंबरीत फ्लोरिडातील ईटनव्हिल गावच्या दुकानाच्या ओसरीवर मंडळी मॅट बॉनरच्या हाडकुळ्या खेचराची टर उडवतात आणि ते मेल्यावर त्याची थट्टेची अंत्ययात्राही काढतात, पण कृष्णवर्णीय स्त्री ही जगाचे खेचर आहे, हे नायिकेच्या आजीने आधीच नातीला सांगितलेले असल्यामुळे त्या हसण्याला खोल वेदनेची किनार लाभते. हर्स्टन यांनी स्वतः लोककथा गोळा केल्या होत्या, त्यामुळे त्यांची बोली अस्सल वाटते.

वेल्टी यांच्या १९४१ च्या ‘व्हाय आय लिव्ह ॲट द पी.ओ.’ (पी.ओ. म्हणजे पोस्ट ऑफिस) या कथेत गाव नाही, घर बोलते. मिसिसिपीत पोस्टमास्तरीण असलेली निवेदिका बहिणीशी भांडून पंखा, रेडिओ घेऊन टपाल कार्यालयात राहायला जाते. तिच्या तक्रारीतच विनोद आहे. लोकज्ञान मात्र थोडे. खळखळून हसायचे असेल तर वेल्टी घ्याव्यात, परंतु पुन्हा पुन्हा वाचण्यासाठी मी हर्स्टन यांच्याकडेच वळते.