सीमाभागातल्या ख्रिस्ती रेडिओसाठी अ‍ॅझुराकास्ट कसं आहे?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात एखाद्या मंडळीला किंवा पॅरिशला स्वतःचा रेडिओ चालवायचा असेल, तर आज खरी मोकळी वाट इंटरनेटचीच आहे. खाजगी एफएमचा परवाना धार्मिक संस्थेला मिळत नाही. कम्युनिटी रेडिओचा पल्ला जेमतेम दहा-बारा किलोमीटर, शिवाय तो साऱ्या गावाचा असावा लागतो. रोजची उपासना लावायला तो नाही. लघुलहरींवरचे दिवसही सरले. सेशेल्समधलं फेबा या ख्रिस्ती प्रसारण संस्थेचं प्रसारण 2003 मध्ये थांबलं आणि रेडिओ व्हेरितास एशिया या कॅथलिक केंद्रानं 2018 मध्ये लघुलहरी सोडल्या. पूर्वी कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून दुसऱ्याच्या हाती द्यावा लागे, आता सगळं स्वतःच उभं करावं लागतं. त्यासाठीचं अ‍ॅझुराकास्ट हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर सीमाभागातल्या परिस्थितीत कितपत चालतं, ते इथे पाहू.

सगळ्यात मोठा गुण आधी. यात स्टेशन स्टुडिओच्या खोलीत नसतं, भाड्याच्या सर्व्हरवर असतं. खानापुरात वीज गेली, वायफाय बंद पडलं, माइकवरचा भाऊ पावसात अडकला, तरी ऐकणाऱ्याकडे आवाज सुरूच राहतो. लाइव्ह तुटलं की काही सेकंदांत ऑटोडीजे, म्हणजे फायली आपोआप लावणारा भाग, यादीतलं पुढचं गीत लावतो. पावसाळ्यात ज्या गावांत दिवसातून तीनदा लाइट जाते, तिथे या एका गोष्टीसाठीही हे घ्यावं.

सर्व्हर 4 जीबी रॅमचा घ्या. 2 जीबीवर चालतं, पण मोठ्या फायली चढवताना दमतं. डेटा सेंटर मुंबई किंवा बेंगळुरूचं निवडा. उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमवर डॉकर या साधनामार्फत बसवायला अर्धा तास पुरतो. पहिली अडचण बहुतेकांना इथेच येते. बसवणं नीट होतं, सर्व्हर कंपनीच्या फायरवॉलमध्ये 80 आणि 443 ही पोर्ट्स (जोडणीची क्रमांकित दारं) उघडली जातात, पण 8000 पासूनची उघडायची राहतात. मग पॅनल दिसतो, पण लाइव्ह जोडलं जात नाही, कारण पहिल्या स्टेशनचं लाइव्हचं पोर्ट 8005 असतं. दुसरं म्हणजे काही ऑफिसांच्या आणि कॉलेजांच्या नेटवर 8000 बंद असतं. त्यासाठी सेटिंग्जमधला 'यूज वेब प्रॉक्सी फॉर रेडिओ' हा पर्याय सुरू करा, म्हणजे आवाज 443 वरून जातो. वेबसाइट एचटीटीपीएसवर असेल तर हे करावंच लागतं, नाहीतर ब्राउझर प्लेअर अडवतो.

बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो ते, ठरवताना शहरातला श्रोता डोळ्यांसमोर ठेवू नका. जांबोटी-कणकुंबीकडे रेंज येते-जाते, चोर्ला घाटात तर गोव्याला कामाला जाणाऱ्याच्या फोनवर बराच वेळ काहीच नसतं. मुख्य प्रवाह 48 केबीपीएसचा, एएसी प्लस या कमी डेटात चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये ठेवा. तासाला 21.6 एमबी लागतात. रोज दोन तास ऐकलं तरी 43 एमबी, म्हणजे दिवसाच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये जाणवतही नाही. जुन्या प्लेअरसाठी 64 केबीपीएसचा एमपी3 दुसऱ्या माउंटवर, म्हणजे त्याच स्टेशनच्या वेगळ्या पत्त्यावर, द्या. सर्व्हरच्या बाजूने पाहिलं तर एकदम 100 जण ऐकत असतील तेव्हा 4.8 एमबीपीएस लागतात. महिन्याला 1 टीबी डेटात 48 केबीपीएसवर सरासरी 64 श्रोते चोवीस तास ऐकू शकतात. कोणत्याही मंडळीची सुरुवात त्यात आरामात होते. एचएलएसचा, म्हणजे आवाज छोट्या तुकड्यांत पाठवण्याचा, पर्यायही आहे. टॉवर बदलताना तो कमी तुटतो, पण आवाज बराच मागून येतो, त्यामुळे फोनवरून प्रार्थनाविनंत्या घेण्याच्या कार्यक्रमाला तो बरा नाही.

आता वेळापत्रक. याचं खरं बळ इथे आहे आणि सगळ्यांत जास्त चुकाही इथेच होतात. स्टेशनचा टाइम झोन मुळात यूटीसी, म्हणजे आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे, असतो. तो कोलकाता केला नाही, तर सकाळी सहाची भक्ती साडेअकराला लागते. दुसरी चूक म्हणजे बारा मिनिटांची प्रार्थना सहा ते सात अशी लावणं. मग ती तासाभरात पाचदा ऐकू येते. एकदाच लावायची असेल तर सुरुवातीची आणि शेवटची वेळ सारखीच टाका, किंवा 'लूप वन्स'वर खूण करा. तिसरी गोष्ट, ठरलेली वेळ झाली तरी ऑटोडीजे चालू फाइल संपायची वाट पाहतो. 5:45 ला अठ्ठावीस मिनिटांचा उपदेश लागला असेल, तर सहाची घंटा सव्वासहाला वाजते. घड्याळाला बांधलेल्या कार्यक्रमांना, म्हणजे देवदूताची प्रार्थना किंवा सकाळचं वचन यांना, 'इंटरप्ट'चा पर्याय द्या आणि त्यानंतर स्टेशन रीलोड करा. रीलोड केल्याशिवाय तो लागू होत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. त्याऐवजी आधीच्या तासात लांब फायली न ठेवणं हा उपाय आम्हाला जास्त आवडतो. अर्ध्यावर तोडलेलं गीत कानाला फार खटकतं.

क्रॉसफेड, म्हणजे एक फाइल संपता संपता दुसरी तिच्यावर चढवण्याचा पर्याय, बंद ठेवा. गाण्यांच्या स्टेशनला तो शोभतो, पण वचनवाचनात 'आमेन'वर पुढच्या गीताची पेटी चढते. कोणीतरी अंतःकरणापासून प्रार्थना करत आहे आणि शेवटचे दोन शब्द ढोलकीखाली दबत आहेत, असं ख्रिस्ती रेडिओवर व्हायला नको.

लाइव्हसाठी लॅपटॉपवर बट (BUTT) हे मोफत सॉफ्टवेअर पुरे. स्ट्रीमरचं, म्हणजे लाइव्ह बोलणाऱ्याचं, खातं आधी पॅनलमध्ये तयार करा, मग बटमध्ये सर्व्हरचा प्रकार आइसकास्ट निवडून तेच नाव आणि पासवर्ड द्या. अ‍ॅडमिनचा पासवर्ड तिथे चालत नाही. डीजे बफर, म्हणजे लाइव्ह आवाज आधी साठवून ठेवायचा वेळ, 5 सेकंदांचा असतो. मोबाइल डेटावरून प्रसारण असेल तर 10 करा. 'डिस्कनेक्ट झाल्यावर स्ट्रीमर बंद ठेवा' याचे सेकंद शून्यच असू द्या, नाहीतर पॅनलमधून लाइव्ह तोडलं की पाळकसाहेब तेवढा वेळ परत जोडूच शकत नाहीत. लाइव्हचं ध्वनिमुद्रण सेटिंग्जमध्ये सुरू केलं की आपोआप होतं, पण 128 केबीपीएसवर तासाला साधारण 58 एमबी साठतात आणि डिस्क हळूहळू भरते. भरलेल्या डिस्कवर पूर्ण स्टेशन बंद पडू शकतं, म्हणून महिन्याला एकदा सफाई हवी.

विनंत्या आणि साक्षी आता व्हॉट्सअ‍ॅपवरच येतात. निपाणीकडच्या विड्या वळणाऱ्या बायका पत्र लिहीत बसणार नाहीत, पण चाळीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज नक्की पाठवतात, आणि तो कित्येकदा स्टुडिओतल्या कार्यक्रमापेक्षा जिवंत असतो. अ‍ॅझुराकास्टमध्ये तो थेट घेण्याची सोय नाही. फाइल ऑडॅसिटीत उघडा, पंख्याचा आवाज कमी करा, पातळी उणे 16 लफ्सवर (LUFS, आवाजाची पातळी मोजायचं एकक) आणा आणि एमपी3 करून चढवा. पातळी सारखी नसेल तर श्रोता मेसेजसाठी आवाज वाढवतो आणि पुढच्या गीताला दचकतो. आजाऱ्याचं नाव आणि गाव एकत्र कधीही प्रसारित करू नका, विनंती करणाऱ्यानं स्वतः सांगितलं असेल तरीसुद्धा. इथे गावं लहान आहेत, कोणाच्या घरी काय चाललं आहे ते लगेच कळतं.

गीतांच्या हक्कांबाबत सॉफ्टवेअर काहीच मदत करत नाही. नारायण वामन टिळक 1919 मध्ये वारले. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे त्यांच्या गीतांचे शब्द मोकळे आहेत. पण एखाद्या गायकवृंदाचं अलीकडचं ध्वनिमुद्रण मोकळं नसतं, त्याचा हक्क वेगळा. ठरलेलं शुल्क भरून गाणी लावण्याची जी सोय कॉपीराइट कायद्याच्या कलम 31डी नं एफएमला मिळते, ती इंटरनेटला लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं 2019 मध्ये म्हटलं आहे. म्हणून लेखी परवानगी घ्या किंवा आपल्याच मंडळीकडून गाऊन घ्या. दुसरा मार्ग जास्त चांगला. बेळगावच्या कॅम्पातल्या आणि खानापूरच्या आवाजांत कोकणी-कानडीची जी हलकी झाक आहे, ती पुण्या-मुंबईच्या सीडीवर मिळत नाही. मराठी बायबलच्या वाचनासाठीही प्रकाशकाची परवानगी हवी.

श्रोत्यांचे आकडे छान दिसतात, पण जपून वापरा. अहवालात शहराच्या रकान्यात हुबळी किंवा बेंगळुरू येतं, कारण मोबाइल कंपन्यांचे आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) तिथले असतात. खानापूरचा श्रोता खानापूरचा म्हणून दिसत नाही. देणगीदाराला दाखवायचं असेल तर एकूण ऐकलेले तास दाखवा, गावांची यादी नको.

गीतांची नावं देवनागरीत टॅग केली तर फोनवर नीट दिसतात, काही गाड्यांच्या स्टिरिओवर मात्र चौकोन येतात. तरीही देवनागरीच ठेवा. आपल्या श्रोत्याच्या हातात फोनच असतो.

उपवासकाळ आणि पुनरुत्थान यांच्या तारखा दरवर्षी हलतात, आणि हे सॉफ्टवेअर त्या स्वतः ओळखत नाही. 2026 मध्ये भस्माचा बुधवार 18 फेब्रुवारीला आणि ईस्टर 5 एप्रिलला, तर 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला. उपवासकाळाच्या प्लेलिस्टला सुरुवातीची आणि शेवटची तारीख टाका, आणि उत्तम शुक्रवारी दुपारी तीन वाजता नेहमीची स्तुतिगीतं लागणार नाहीत, हे आदल्या रात्री 'अपकमिंग साँग क्यू' उघडून पाहा. वेळापत्रक बदलण्याआधी रांगेत लागलेली गीतं तिथेच राहतात, ती हातानं काढावी लागतात.