बालसंगोपन योजना, १४ महिन्यांनंतर: ठाणे-नवी मुंबईत अर्ज करणाऱ्यांसाठी

कागदावर नाव लांबलचक आहे, क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. खिडकीवर मात्र सगळे ‘बालसंगोपन’ एवढेच म्हणतात. मुलामागे महिन्याला २२५० रुपये, मूल १८ वर्षांचे होईपर्यंत. २०२३ मध्ये रक्कम वाढली, त्याआधी ती ११०० होती आणि त्याहीआधी ४२५. पहिला अर्ज, बालकल्याण समितीचा (अर्जावर निर्णय देणाऱ्या समितीचा) आदेश, खात्यात पडलेले हप्ते आणि एक नूतनीकरण, एवढा फेरा पूर्ण झाल्यावर हे लिहिले आहे. मत आधीच सांगून टाकतो: पात्र असाल तर अर्ज नक्की करा, पण पाळणाघराची महिन्याची फी या पैशांच्या भरवशावर ठरवू नका. का, ते पुढे येईलच.

आधी पात्रता, कारण इथेच अर्ध्या लोकांची खेप फुकट जाते. आई-वडील दोघेही धडधाकट आहेत, दोघेही कामाला जातात आणि मूल सांभाळायला घरी कोणी नाही, अशा घरासाठी ही योजना नाही. आई किंवा वडील वारले आहेत, दोघेही नाहीत, घटस्फोट झाला आहे, नवऱ्याने टाकले आहे, आई अविवाहित आहे, पालक तुरुंगात आहे, कॅन्सर किंवा एचआयव्हीसारख्या दुखण्याने अंथरुणाला खिळला आहे, अशा घरातल्या मुलांसाठी ती आहे. मूल संस्थेत जाऊ नये, घरातच वाढावे, हा तिचा हेतू. हे ध्यानात ठेवले की पुढे कोणता कागद का मागतात ते आपोआप उलगडते.

दोघेही कमावते असाल तर अंगणवाडीकडे वळा. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवण्याची तरतूद आहे. आपल्या वस्तीत ते सुरू आहे का, हे अंगणवाडीताई दोन मिनिटांत सांगतील. आणि ज्या आस्थापनेत ५० किंवा जास्त कर्मचारी आहेत तिथे पाळणाघराची सोय करणे मालकाला २०१७ च्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे. वागळे इस्टेट किंवा महापेच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांनी हे कंपनीत विचारायलाच हवे. फार कमी जणी विचारतात.

आता अर्ज कुठे द्यायचा. आपल्या भागात यावरच सगळ्यात जास्त चपला झिजतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जातो. जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग वेगळा, महापालिकेचा समाजविकास विभाग वेगळा. नवी मुंबई महापालिकेची विधवा आणि घटस्फोटित महिलांच्या मुलांसाठीची शिष्यवृत्तीही वेगळी. तिचा अर्ज स्वतंत्र करा, दोन्ही कागद एका पिशवीत कोंबू नका.

दुसरी गोष्ट जिल्ह्याची. दिघा, ऐरोलीपासून वाशी, नेरूळ, बेलापूरपर्यंतची नवी मुंबई ठाणे जिल्ह्यात, ठाणे तालुक्यात येते. बेलापूरची हद्द ओलांडून खारघरला गेलात की रायगड सुरू. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल, उलवे ही सगळी रायगडची, आणि रायगडचे मुख्यालय अलिबाग. पत्त्यावर ‘नवी मुंबई’ लिहिले आहे म्हणून ठाण्याला फाईल द्याल तर ती परत येईल. तसेच मुलुंड चेकनाक्याच्या पलीकडे मुंबई उपनगर जिल्हा लागतो. आधारवरचा पत्ता, राहते घर आणि उत्पन्नाचा दाखला हे तिन्ही एकाच जिल्ह्यातले असले पाहिजेत.

फाईलमध्ये काय काय लागते: अर्ज, मूल आणि पालक दोघांचे आधार, मुलाचा जन्मदाखला, शाळेचे बोनाफाईड (मूल शाळेत जात नसेल तर अंगणवाडीचा दाखला), रेशनकार्ड, रहिवासाचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, वारलेल्या पालकाचा मृत्यूदाखला, मुलाच्या बँक पासबुकाची झेरॉक्स, दोघांचे पासपोर्ट फोटो. आणि एक फोटो जो बहुतेक जण विसरतात: राहत्या घरासमोर मुलासोबत उभ्या असलेल्या पालकाचा, पोस्टकार्ड आकाराचा. दोन मुलांचे अर्ज असतील तर दोन वेगळे फोटो, प्रत्येकात एकेक मूल. दार, घराचा नंबर किंवा चाळीचे नाव दिसेल असा काढा. स्टुडिओत पडद्यासमोर काढलेला चालत नाही, कारण हे मूल याच घरात राहते हे त्या फोटोने दाखवायचे असते.

मृत्यूदाखल्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. मृत्यूची नोंद राहत्या ठिकाणी होत नाही, जिथे मृत्यू झाला तिथे होते. घर कळव्यात आणि शेवटचे उपचार केईएम किंवा सायनला झाले असतील तर दाखला मुंबई महापालिकेचा मिळणार. गावी झाला असेल तर गावच्या ग्रामपंचायतीचा. नोंद २१ दिवसांत करायची असते. वर्ष उलटून गेले असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, म्हणजे आणखी एक वेगळी फाईल. नावातला फरक तर हमखास निघतो. रुग्णालयाच्या केसपेपरवर घाईत ‘राजू’ लिहिलेले असते, मुलाच्या जन्मदाखल्यावर ‘राजेंद्र’. हा फरक चौकशी अधिकाऱ्याच्या नजरेत आला की फाईल तिथेच थांबते. दुरुस्ती निबंधकाकडे जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली होते. ती अर्ज देण्याआधीच करून घ्या. अर्ज दिल्यावर त्रुटी निघाली तर पुन्हा रांगेच्या शेवटी.

नवऱ्याने टाकलेल्या बाईकडे मृत्यूदाखलाही नसतो आणि घटस्फोटाचा हुकूमही नसतो. अशा वेळी नुसत्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये. पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारीची प्रत, पोटगीच्या अर्जाची प्रत (१ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो, पूर्वीचे कलम १२५) आणि स्वतःचे प्रतिज्ञापत्र, यातले जे असेल ते जोडा. वकिलाला पैसे नाहीत म्हणून पोटगीचा अर्ज अडवून ठेवू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. सरकारी कार्यालयात देण्याच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. पाचशेचा स्टॅम्प आणा असे बाहेरच्या टेबलावरचा माणूस म्हणाला तरी आणू नका. अर्जालाही फी नाही. ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नये.

उत्पन्नाचा दाखला ‘आपले सरकार’वरून किंवा सेतू केंद्रातून काढता येतो, त्याला १५ दिवस धरा. घरकाम करणाऱ्या किंवा रोजंदारीवरच्या बाईला पगाराची स्लिप नसते, तेव्हा तलाठ्याचा अहवाल लागतो. ठाणे शहरात आपला सजा (तलाठ्याचे कार्यक्षेत्र) कोणता हेच अनेकांना ठाऊक नसते. आधी ते विचारून घ्या. दाखल्यावर मुदत छापलेली असते, ती बहुधा ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत काढलेला दाखला लावून मेमध्ये समितीपुढे सुनावणीला गेलात तर नवा मागतील.

बँकेचे प्रकरण सगळ्यात किचकट, आणि आदेश हातात असूनही पैसे न येण्याचे मोठे कारण हेच. मुलाचे खाते उघडताना बँक पालकाचे केवायसी घेते आणि पुष्कळदा आईचाच आधार क्रमांक त्या खात्याला जोडून मोकळी होते. पैसे थेट लाभ हस्तांतरणाने (डीबीटी), आधार क्रमांकावरून येतात. मुलाचा आधार कोणत्याच खात्याशी जोडलेला नसेल तर हप्ता परत जातो. बँकेत ‘आधार लिंक आहे ना?’ असे विचारले की ‘हो’ हेच उत्तर मिळते. तुम्ही विचारायचे ते असे: मुलाचा आधार डीबीटीसाठी, एनपीसीआयकडे सीड झाला आहे का? म्हणजे कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत जायचे याची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेकडे तो जोडला आहे का. एका आधार क्रमांकामागे तिथे एकच बँक असते, आणि सगळ्यात शेवटी जोडलेली धरली जाते. शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी मागाहून दुसरे खाते उघडले असेल तर पैसे तिकडे पडतात आणि आपण या पासबुकाकडे बघत बसतो. माय-आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये बँकेचे नाव दिसते. ते पान छापून फाईलला लावा.

त्यातच लहान मुलांचे आधार. पाच वर्षांखालच्या मुलाच्या निळ्या आधारवर बोटांचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाली की ते द्यावे लागतात आणि पुढे पंधराव्या वर्षी पुन्हा एकदा. सात वर्षांनंतरही दिले नाहीत तर तो आधार बंद पडू शकतो, आणि आधार बंद म्हणजे हप्ताही बंद.

अर्ज देताना प्रत्येक कागदावर सही करून दुसरा संच स्वतःजवळ ठेवा, आणि त्यावर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढे सगळी विचारपूस याच क्रमांकावर चालते.

त्यानंतर गृहभेट. बाल संरक्षण कक्षाचा किंवा योजना राबवणाऱ्या स्वयंसेवी संस्थेचा कार्यकर्ता घरी येतो, शेजाऱ्यांशी बोलतो आणि चौकशी अहवाल लिहितो. इथे ठाणे-नवी मुंबईची खास अडचण म्हणजे ११ महिन्यांचा भाडेकरार. अर्ज दिघ्यातल्या खोलीवरून दिला, भेट व्हायच्या आत करार संपून बिऱ्हाड तुर्भ्याला गेले, आणि कार्यकर्ता जुन्या दारावरून परत गेला की शेरा पडतो ‘पत्त्यावर आढळून आले नाहीत’. घर बदलले की त्याच आठवड्यात लेखी कळवा, आवक क्रमांकासह. शेजारच्या दोन घरांनाही सांगून ठेवा. दिवसभर कामावर असाल तर अर्जावरच ठळक लिहा की घरी किती वाजल्यानंतर भेटता येईल, आणि चालू असलेला फोन नंबर द्या. वीजबिल घरमालकाच्या नावावर असते, म्हणून बिलाच्या प्रतीसोबत त्याचे दोन ओळींचे पत्र जोडलेले बरे.

अहवाल बालकल्याण समितीपुढे जातो. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, आणि बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे अंतिम निर्णयाच्या वेळी किमान तीन जण हजर लागतात. कोरम नसेल तर तुम्ही आणि मूल दोघेही समोर असूनही आदेश होत नाही, पुढची तारीख पडते. म्हणून त्या दिवसाची रजा टाकण्यापूर्वी सकाळी फोन करून खात्री करा. मूल सोबत हवेच. सगळ्या कागदांच्या मूळ प्रती न्या. मुलाला शाळेबद्दल, घरात कोण कोण आहे, डबा कोण करते असे साधे प्रश्न विचारतात. त्याला उत्तरे पढवून नेऊ नका. पढवलेले मूल घाबरते आणि आईच्या तोंडाकडे बघत राहते.

आता पैशांकडे. वर्षाचे २७,००० रुपये होतात. महिन्याला २६ कामाचे दिवस धरले तर दिवसाला साधारण ८६ रुपये. ठाण्यातल्या कुठल्याही बऱ्या खाजगी पाळणाघराची पूर्ण दिवसाची फी यात बसत नाही, फीचा एक हिस्सा निघतो. शिवाय पैसे ठरलेल्या तारखेला येत नाहीत. निधी आला की तीन-चार महिन्यांचे एकदम पडतात, मधले महिने कोरडे जातात. पाळणाघरवाल्या ताई पाच तारखेच्या पुढे थांबत नाहीत. म्हणून महिन्याची फी कमाईतूनच द्यायची आणि हा एकगठ्ठा हप्ता जूनच्या खर्चासाठी, दप्तर, गणवेश, पावसाळी बूट, शाळेच्या व्हॅनचे आगाऊ पैसे यासाठी ठेवायचा, हीच विभागणी टिकली. आजारपणाच्या महिन्यातही या रकमेने खरोखर हात दिला. हप्ता सहा महिने आलाच नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका, ‘आदेश क्रमांक अमुक, देयक कोणत्या तारखेला पाठवले’ एवढाच प्रश्न विचारा. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे, आणि रक्कम पाठवून परत आली असेल तर तेही त्यातून कळते.

उत्पन्न फारच कमी असेल तर केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वाबद्दलही (मुलासाठीच्या मासिक मदतीबद्दल) त्याच कार्यालयात विचारा. त्यात मुलामागे महिन्याला ४००० रुपये आहेत, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न शहरात ९६,००० च्या आणि ग्रामीण भागात ७२,००० च्या आत हवे. एकाच मुलासाठी दोन्ही मिळत नाहीत. महिन्याला आठ हजारांच्या आत भागवणारी आई ठाण्यात दुर्मिळ नाही. तिला कोणी या योजनेचे नावही सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिले.

नूतनीकरण दरवर्षी असते आणि ते आपणहून कोणी आठवण करून देत नाही. आदेशाची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि दहाव्या महिन्यात कामाला लागा: नवे बोनाफाईड, नवा उत्पन्नाचा दाखला, चालू पत्ता, ताजा फोटो. आदेश मार्च ते जूनमधला असेल तर एक अडचण ठरलेली. जुना उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, नव्यासाठी एप्रिलमध्ये सेतूत गर्दी असते आणि मेमध्ये शाळा बंद असल्याने बोनाफाईड मिळत नाही. अशांनी बोनाफाईड निकालाच्या दिवशीच मागून घ्यावे आणि दाखल्याचा अर्ज एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात टाकावा.