अबायडोस की तुरिन: फॅरोंचा क्रम कोणत्या यादीवरून लावावा?

इजिप्तच्या सुरुवातीच्या राजांचा क्रम लावायला बसलं की दोन याद्या समोर येतात. अबायडोसची यादी इजिप्तमधल्या अबायडोस इथे, फॅरो सेती पहिला याच्या मंदिरात दगडावर कोरलेली. पहिला राजा मानल्या जाणाऱ्या मेनीपासून सेतीपर्यंत 76 नावं, बहुतेक शाबूत. पण ती पूर्वजपूजेसाठी होती, फक्त मान्य पूर्वजांची; म्हणून हॅटशेपसूट, अखेनातेन, तुतानखामेन हे फॅरो सरळ गाळलेत. राज्यकाळाची वर्षंही नाहीत.

तुरिनची यादी (आज इटलीतल्या तुरिनच्या संग्रहालयात) करनोंदींच्या पपायरसच्या पाठीवर शाईने लिहिलेली, आज तुकडे तुकडे झालेली. तरी तिच्यात हिक्सोससारखे परके राजे आहेत आणि राज्यकाळही: जोसर, 19 वर्षं. 18व्या घराण्याचा, म्हणजे हॅटशेपसूट, अखेनातेन वगैरेंचा भाग मात्र उरलेला नाही.

नुसती नावं हवीत, विशेषतः आठव्या घराण्याची, तर अबायडोस. कालगणना करायची तर तुरिनच. फाटक्या जागी अबायडोसची नावं ताडून घ्या.