सावजीसमोर कोणती बाटली टिकते? दोन हजारांच्या आतल्या काही वाईन

सावजी मटणासोबत चढ्या भावाची दाट लाल वाईन उघडायची असेल तर तुमची मर्जी; माझ्या मते ते पैसे पाण्यात. लाल वाईनमधलं टॅनिन जीभ कोरडी करतं, त्यात साडेतेरा-चौदा टक्के अल्कोहोल, आणि वरून तर्री. तिखट शांत व्हायचं सोडून आणखी पेटतं. आम्ही घरचे आणि शेजारचे कॉन्ट्री काढून बाटल्या आणतो, देशी-परदेशी दोन्ही. अट एवढीच की बाटली दोन हजारांच्या आत पाहिजे. जेवण घरचं, नाहीतर सावजीचं पार्सल. त्यामुळे चीजच्या ताटाबरोबर काय छान लागतं ते मला विचारू नका.

पहिला नंबर सुलाच्या शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाईनचा. हे द्राक्ष मूळचं फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातलं, पण आज सर्वांत जास्त पिकतं दक्षिण आफ्रिकेत; तिकडे त्याला स्टीनही म्हणतात. नाशिकची ही बाटली गोडसर आहे, म्हणून जाणकार नाक मुरडतात. मुरडू द्या. काळ्या मसाल्याच्या रश्श्यात पोळी बुडवून दोन घास खाल्ले, कपाळावर घाम आला, की हिचा बर्फगार घोट घ्यायचा. आधी गोडवा लागतो, तिखटाची धार बोथट होते, मग मागून अननसाचा आंबटपणा येतो आणि टाळूला चिकटलेला तेलाचा थर धुऊन निघतो. हात आपोआप पुढच्या घासाकडे जातो. दक्षिण आफ्रिकेची कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली शेनिनही आणली होती. नुसती प्यायला तीच सरस, लिंबाच्या सालीचा सुरेख वास. रश्श्यापुढे मात्र तिचा निभाव लागला नाही.

लाल वाईन प्यायचीच असेल तर वांग्याच्या भरिताबरोबर चिलीची कार्मेनेर घ्या. ग्लास नाकाशी नेला की आत्ताच कुणीतरी ढोबळी मिरची चिरली असं वाटतं. हा त्या द्राक्षाचा स्वभावच आहे. विस्तवावर भाजलेलं वांगं, हिरवी मिरची, कांद्याची पात, कोथिंबीर, सोबत ज्वारीची भाकरी, आणि ही वाईन. जोडी अशी जमली की शेजारच्या काकूंनीसुद्धा "थोडी टाक गं अजून" म्हणून ग्लास पुढे केला. गंमत म्हणजे चिलीतले शेतकरी हे द्राक्ष कित्येक वर्षं मर्लो हे दुसरंच द्राक्ष समजून लावत होते. 1994 साली जाँ-मिशेल बुर्सिको या फ्रेंच तज्ज्ञानं ओळखलं की ही तर फ्रान्सच्या बोर्दो भागातून जवळजवळ नाहीशी झालेली कार्मेनेर.

चिलीचीच कासियेरो देल दियाब्लो, कॅबर्नेट सोव्हिन्यो द्राक्षाची लाल वाईन. तळघरातल्या बाटल्या चोरीला जाऊ नयेत म्हणून मालकानं तिथं सैतान राहतो अशी आवई उठवली, अशी या नावामागची कथा सांगतात. मी ती रंगवून सांगत असताना आमचे भाऊजी म्हणाले, "सैतान असो का देव, वहिनी, हे तं कडू आहे ना!" आणि सरळ सोडा ओतला. व्हिस्कीवाल्यांना काय बोलणार! मला ती आवडली: काळ्या मनुकांची चव, नीटनेटकी, सुक्या मटणाबरोबर चालते, रश्श्याबरोबर नाही.

ऑस्ट्रेलियाची जेकब्स क्रीक शिराझ-कॅबर्नेट, हीही लाल, चवीला सरळ, गोलसर, लक्षात राहण्यासारखं फार काही नाही. तरी मी ती घेते, कारण फिरकीचं झाकण. उन्हात बाटलीतली वाईन फुगते, बूच वर ढकललं जातं आणि फटीतून हवा शिरून वाईन बिघडते. नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानात मी पाहिलंय, मे महिन्यात, बाहेर 45 अंश आणि परदेशी बाटल्या सर्वांत वरच्या फळीवर, पत्र्याच्या छताखाली. तिथून आणलेल्या लाल बाटलीला उकडलेल्या मनुकांचा वास होता. सगळी सिंकमध्ये गेली. घेताना बुचावरच्या पत्र्यावर अंगठा फिरवून बघा. उंचवटा लागला किंवा कडेला चिकट ओघळ दिसला, तर ठेवा परत.

किमतीचं म्हणाल तर आयात शुल्क 150 टक्के आहे. ऑस्ट्रेलियाशी करार होऊन डिसेंबर 2022 पासून ते उतरलं, पण फक्त पाच अमेरिकी डॉलरच्या वरच्या आयात किमतीच्या बाटल्यांवर. म्हणजे आपण घेतो त्या सर्वांत स्वस्त बाटल्यांना त्याचा फायदा शून्य.

आणि लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या सोळा-अठरा अंशांच्या खोल्यांसाठी आहे. मार्चनंतर नागपुरात लाल बाटलीसुद्धा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायची, पांढरी तीन तास. पाहुणे हसले तर हसू द्या, पहिल्या घोटानंतर तेच विचारतात कुठून आणली.