लेसराँग : काही महिने वापरल्यावर, आणि मुख्यतः त्या उजवीकडच्या आकड्याबद्दल

लेसराँगवर खातं उघडून आता बरेच महिने झाले. ही नीट विचार कसा करावा यावर लेख आणि प्रतिसाद लिहिण्याची इंग्रजी साइट; इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे, त्यामुळे जास्त ओळखपरेड करत नाही. अनुभव लिहायचं डोक्यात होतं, पण राहून जात होतं. परवा माझ्याच एका प्रतिसादावर दोन आकडे दिसले आणि लगेच लिहायला बसलो. डावीकडे अधिक अकरा (लिखाण कसं आहे), उजवीकडे उणे सात (म्हणणं पटलं का). म्हणजे, लिहिलंय चांगलं, पण आम्हाला पटलेलं नाही.

विषय पावसाच्या अंदाजाचा होता. माझं म्हणणं असं, की ‘७० टक्के शक्यता’ हे शेतकऱ्याच्या उपयोगाचं नाही. त्याला पेरायचं की थांबायचं एवढंच हवं असतं, तेव्हा हवामान खात्याने सरळ हो किंवा नाही सांगावं. त्यावर एकाने शांतपणे उत्तर दिलं. ज्याच्याकडे विहिरीचं पाणी आहे तो ४० टक्क्यांवरही पेरेल. ज्याला दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणावं लागतं तो ७० वरही थांबेल. आकडा झाकून ‘हो’ म्हणणारा या दोघांचा निर्णय परस्पर घेऊन मोकळा होतो. उत्तर बिनतोड आहे. माझ्या म्हणण्यातला निम्मा भाग मला अजून उभा दिसतो (आकडा वाचायला शिकवणार कोण?), आणि त्यावर चर्चा चालू आहे. पण अनेकांना न पटलेलं माझं म्हणणं त्या पानावर वरच राहिलं, खाली ढकललं गेलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

एका मराठी संस्थळावर मी वर्षानुवर्षं लिहिलं. तिथे याच प्रतिसादाचं काय झालं असतं ते डोळ्यांपुढे आहे. ‘कधी शेतात पाय ठेवलाय का?’, मग त्याला चार ‘+१’, मग कुणाचा तरी डूआयडी (त्याच माणसाचं दुसरं, खोट्या नावाचं खातं), मग धागा वाचनमात्र. कंपूबाजीचा कंटाळा येऊन मी तिथून उठलो. त्यामुळे न पटलेल्या माणसालाही ‘छान मांडलंस’ म्हणायची सोय कुणी मुद्दाम बांधली असेल, तर मी तिच्याकडे दहा वेळा बघणार.

ही सोय लेसराँगवर पहिल्यापासून नव्हती. २००६ साली अर्थतज्ज्ञ रॉबिन हॅन्सन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारे इलायझर युडकोव्स्की ‘ओव्हरकमिंग बायस’ या ब्लॉगवर लिहायला लागले. २००९ मध्ये त्यातून लेसराँग निघालं, तेही रेडिटचा खुला कोड घेऊन. एक बाण वर, एक खाली, संपलं. चांगलं लिहिलं म्हणून वर, की माझ्या मताचं आहे म्हणून वर, हे देणाऱ्यालाच माहीत. सुरुवातीची वर्षं जोरात गेली. मग युडकोव्स्कींची मोठी लेखमाला संपली आणि त्यांचं लिहिणं फेसबुककडे वळलं. तिथले लोकप्रिय लेखक स्कॉट अलेक्झांडर यांनी २०१३ पासून स्वतःचा वेगळा ब्लॉग थाटला आणि वाचक त्यांच्या मागे गेले. ज्यांच्यामुळे माणसं यायची तेच उठून गेल्यावर मागे काय उरणार? त्यातच एका सदस्याने नावडत्या लोकांचे जुने-नवे सगळे प्रतिसाद शोधून एकेकाला खाली ओढण्याचा सपाटा लावला. २०१४ मध्ये त्याला बंदी झाली, तर तो नवी नावं घेऊन परतला. जुन्या कोडमध्ये संपादकांच्या हाती धड हत्यारंही नव्हती. चांगलं लिहिणारी माणसं अशा वेळी भांडत बसत नाहीत, गुपचूप लिहिणं थांबवतात.

नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथल्याच जुन्या सदस्य ॲना सॅलमन यांनी एक लेख लिहिला. या सगळ्या इतिहासात मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुद्दा साधा आहे. विचार करणारी माणसं वीस ठिकाणी विखुरली, की प्रत्येक ठिकाणी तोच वाद पहिल्यापासून सुरू होतो. सगळ्यांची एकच जागा असेल, तर काल कुणी मांडलेला मुद्दा आज बाकीच्यांनी वाचलेला असतो, त्याच्या पुढचं बोलता येतं, आणि चुकीचा मुद्दा खोडला तर तो खोडलेला राहतो. आपल्याकडे दर सहा महिन्यांनी तेच आरक्षण, तेच शुद्धलेखन, तीच मराठी शाळा, आणि प्रत्येक वेळी पाटी कोरी. हे का होतं ते मला या लेखामुळे नीट कळलं.

२०१७ मध्ये ऑलिव्हर हब्रिका आणि आणखी काही जणांनी हे काम पूर्णवेळ अंगावर घेतलं. सगळा कोड नव्याने लिहिला, सप्टेंबरमध्ये वेगळ्या पत्त्यावर चाचणी सुरू केली, आणि मार्च २०१८ मध्ये जुन्या नावावर नवी साइट आली. जुनं लिखाण जपून नव्या साइटवर आणलं, हे विशेष.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. सुरुवातीचे काही महिने मी सगळं श्रेय त्या उजवीकडच्या आकड्याला देत होतो. पण तो आला जून २०२२ मध्ये, साइट सावरल्यानंतर चार वर्षांनी. तेव्हा जीव आणला तो पगारी, पूर्णवेळ माणसांनी. नव्या सदस्याचं पहिलं लिखाण तिथे कुणीतरी खरोखर वाचून मग आत सोडतं. आणि वार्षिक फेरतपासणी! २०१९ च्या डिसेंबरात त्यांनी २०१८ चे लेख पुन्हा काढले आणि विचारलं, वर्षभरानंतर यातलं काय टिकलं? तेव्हापासून दर वर्षी हे चालतं. निवडक लेखांचे छापील संचही काढले. मी विकत घेणार नाही, कारण तेच लेख साइटवर फुकट आहेत. पण गाजलेल्या लेखाला वर्षभराने उलटतपासणीला उभं करणं, हे आपल्या एखाद्या दिवाळी अंकाने केलेलं मला पाहायचं आहे.

तरी मन पुन्हा त्या आकड्याकडेच जातं, आणि आता तक्रार. इथे मतांना वजन असतं. जास्त गुण कमावलेल्या सदस्याचं साधं मतही एकाहून जास्त धरलं जातं, आणि बाण दाबून धरला तर आणखी जास्त. लेखनाचा दर्जा ठरवताना अनुभवी माणसाला झुकतं माप द्यावं, हे मला आधी अजिबात मान्य नव्हतं. वापरून पटलं, कारण उथळ टाळ्यांनी वर चढलेले लेख इथे खरंच कमी दिसतात. पण हेच वजन उजवीकडच्या आकड्यालाही लागू आहे, ते मला आजही खटकतं. किती लोकांना पटलं नाही हे मोजायचं, तर डोकी मोजावीत. माझे उणे सात म्हणजे सात माणसं, की दोन वजनदार? आकड्यावर माउस नेला की किती जणांनी मत दिलं ते दिसतं, हे खरं. पण तेवढ्यासाठी वाचकाला माउस न्यायला का लावायचं? आपल्या ‘ऐसी अक्षरे’ या मराठी संस्थळावर प्रतिसादांना मार्मिक, रोचक, खवचट, अवांतर अशा श्रेणी आहेत. तिथे निदान शेरा कसला आहे ते शब्दांत कळतं. त्यात ‘पटलं नाही, पण मांडणी उत्तम’ एवढी एक श्रेणी वाढवली, तर मराठीत हे काम लेसराँगपेक्षा सरळ होईल.

दुसरी अडचण कृत्रिम बुद्धिमत्तेची. चॅटजीपीटी आल्यापासून पहिल्या पानावर त्याच विषयाचा पूर आहे. ही बुद्धिमत्ता धोक्याची ठरेल, या काळजीतच या साइटची मुळं आहेत, त्यामुळे बोलणार कोण? आजची गर्दीही बरीचशी त्यामुळेच आहे. पण मला तर्क, अंदाज, सवयी, इतिहास हे वाचायचं असतं. त्यावर उपाय आहे. पहिल्या पानावर विषयांची गाळणी आहे, तिथे तो विषय ‘कमी’ करा. लपवू नका, काही लेख खरोखर चांगले असतात. मी हे केल्यावर साइट माझ्यासाठी दुप्पट उपयोगी झाली. नवीन येणाऱ्याने पहिल्या दिवशी हेच करावं आणि लिहिण्याची सुरुवात प्रतिसादांनी करावी, लांब लेखाने नको.

पैशांचं म्हणाल, तर वाचायला पैसे नाहीत, जाहिरात नाही. २०२४ च्या अखेरीस चालवणाऱ्यांनी पुढच्या वर्षासाठी तीस लाख डॉलरचं आवाहन केलं होतं, त्यात साइटबरोबर त्यांच्या अमेरिकेतल्या बर्कली शहरातल्या जागेचा खर्चही होता. मी वर्तमानपत्राची ऑनलाइन वर्गणी बंद केलेला माणूस आहे आणि डॉलरमध्ये पैसे पाठवताना कार्डावर बसणारं परकीय चलनाचं शुल्क मला झोंबतं. तरी इथे थोडे पाठवणार आहे, आणि सोबत उजवीकडच्या आकड्यात माणशी एकच मत धरावं अशी विनंतीही लिहून पाठवणार आहे.